पाटीवर आत्या

४ मार्च, मंगळवार

परत तेच! फोन उचलला की बाबांची एकच टेप — "दुकान वाट बघतंय." अरे, दुकान काय वाट बघणार? त्याला डोळे आहेत का? सायकलींचं दुकान ते. पंक्चरच्या बादलीत हात बुडवून बसायचं, एवढंच ना? "रंग काढायचा राहिलाय, तू आलास की काढू." मी इकडे परदेशात आल्यापासून हाच रंग निघतोय!

महिन्याला पाच हजार पाठवतो तर तेही गोड नाही. "आम्हाला गरज नाही. बँकेत तसेच पडलेत. हात लावला नाही." मग मी पाठवू कशाला? बँकेला झोप यावी म्हणून?

आणि आज नवीनच. आत्या येणार! पुढच्या गुरुवारी. विमानाने! बाबा म्हणाले, "ताई येऊन बघेल तुझं काय चाललंय. ती म्हणाली राहू दे, तर राहा. ती म्हणाली चल, तर बऱ्या बोलाने घरी यायचं आणि दुकानात बसायचं." मी म्हणालो, येऊ दे की. घाबरतो काय?

घाबरलोय.

५ मार्च, बुधवार

घाबरायचं कारण म्हणजे तो फोटो.

मी घरी सांगितलं, हॉटेल लाइनमध्ये आहे. खोटं काय त्यात? हॉटेलांच्या चादरी आमच्या लॉन्ड्रीत येतात. मी त्या इस्त्रीच्या रोलरमध्ये सरकवतो. मॅनेजर आहे असं मी कधी म्हटलं नाही. ते आईने आपलं आपण ऐकलं.

पण फोटो माझाच. रस्त्यावर एक लांबलचक काळी गाडी उभी होती. टेकलो, कोपर टपावर ठेवलं, हसलो. मालक वर्तमानपत्राची सुरळी घेऊन धावत आला, ते फोटोत नाही. खाली मी लिहिलं — "कंपनीची गाडी, ड्रायव्हरसकट." कुठल्या मुहूर्तावर सुचलं!

आज आत्याचा फोन. "काय रे, त्या काळ्या गाडीतूनच नेणार ना मला?"

म्हणून बसलो — "हो मग!"

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते माझ्याकडे बघून.

७ मार्च, शुक्रवार

माझ्या खोलीतला जोडीदार म्हणजे पैलवान. काडीसारखा आहे, जिना चढला की धापा टाकतो, म्हणून पैलवान. पण फोनमधलं सगळं त्याला कळतं. म्हणाला, "येड्या, तसल्या गाड्या भाड्याने मिळतात. विमानतळावर टाय घातलेला माणूस पाटी धरून उभा राहतो. सामान उचलतो, दारात आणून सोडतो. तू फक्त बटण दाबायचं."

बसलो दाबायला. माणसं किती? एक. बॅगा किती? आत्याला ओळखून असल्यामुळे पाच लिहिल्या, तर फोनने पांढरा टेम्पोच दाखवला! चालणार नाही, गाडी काळीच पाहिजे. बॅगा दोन केल्या. बाकीच्या मांडीवर घेईल. लहान मुलाची खुर्ची हवी का? मी म्हटलं नको. पैलवानाने हो दाबलं. "फुकट आहे. फुकटचं सोडू नये."

मग — प्रवाशाचं नाव.

हात थांबला.

"लिही की," पैलवान म्हणाला.

"आत्या."

"नाव लिही, नाव!"

नाव... मला माहीतच नाही! जन्मल्यापासून आत्या. बाबा ताई म्हणतात. शेजारीपाजारी सगळे आत्याच म्हणतात.

"सख्ख्या आत्याचं नाव तुला माहीत नाही? लाज नाही वाटत?"

"तुझ्या मावशीचं नाव काय?"

बराच वेळ विचार केला त्याने. मग म्हणाला, "कुठली, धाकटी मावशी?"

"हां, धाकटी."

"धाकटी मावशीच."

८ मार्च, शनिवार

आईला फोन केला, अगदी सहज विचारल्यासारखा. "आई, आत्याचं नाव काय गं?"

"अरे, आम्ही आपलं वन्सं म्हणतो. कागदावर काय ते... थांब, यांना विचारते."

मागून बाबा — "कशाला पाहिजे त्याला?"

फोन ठेवला. नाव माहीत नाही हे बाबांना कळलं तर आत्याने यायचीसुद्धा गरज नाही, परवाच दुकानात बसवतील. आणि आत्यालाच विचारायचं? ती फोनमधून कान पिरगाळेल. तिला जमेल ते.

१० मार्च, सोमवार

सुटलं कोडं! पैलवानाचं डोकं. पाटीवर "आत्या"च लिहायचं, पण आपल्या अक्षरांत. इथे विमानतळावर आपली अक्षरं कोणाला वाचता येणार? एकटीला — तिला!

साबणाच्या खोक्याच्या झाकणावर जाड पेनाने लिहिलं. आ काढताना काना वाकडा आला, तो पैलवानाने सरळ केला. फोटो काढून पाठवला. खाली "ड्रायव्हरला सूचना" अशी जागा होती. लिहिलं — "वयस्कर आहेत. जपून आणा. त्यांच्याशी वाद घालू नका. गप्प राहिलेलं बरं." फोनने त्यांच्या भाषेत करून टाकलं.

किंमत बघून डोळे चोळले, परत बघितली, तर तेवढीच. घरी पाठवायचे होते तेही त्यातच गेले. जाऊ देत. नाहीतरी बँकेतच झोपणार होते!

१२ मार्च, बुधवार

लॉन्ड्रीतल्या मुकादमबाईने उद्याची रजा दिली नाही. म्हणे, "आई येत असती तर दिली असती."

१३ मार्च, गुरुवार

काय झालं ते लिहिताना हात अजून पिठाने पांढरा आहे. पीठ कुठून आलं ते पुढे.

दुपारी कामावर फोन वाजला — प्रवासी बसल्या. मग — प्रवासी पोचल्या. मी अशी उडी मारली की चादर रोलरमध्ये तिरकी गेली. मुकादमबाई काय ओरडली कोण जाणे. शिफ्ट सुटली तसा पळत घरी.

पैलवानाची आज सुट्टी. दारातच उभा, बत्तीशी दाखवत. "तुझी आत्या म्हणजे लोणी आहे रे लोणी! उगाच घाबरवलंस मला."

लोणी? आमची आत्या?

आत गेलो. माझ्या खाटेवर एक बारीकशी बाई चहा पीत बसलेली. माझे शर्ट घडी घालून ठेवलेले.

आमची आत्या बारीक नाही. आणि ही आमची आत्या नाही!

"आलास का रे राजा?" ती म्हणाली. मग चष्मा वर केला. "अगंबाई! हा कोण?"

"मी भाचा."

"कोणाचा?"

"आत्याचा."

"आत्या मीच. पण तू माझा भाचा नाहीस."

"तुम्हीपण माझ्या आत्या नाही."

पैलवान किटली घेऊन उभा. "मग मी मघापासून चहा कोणाच्या आत्याला पाजतोय?"

झालं असं — ती बाहेर आली, तर टायवाला माणूस पाटी धरून उभा. पाटीवर आत्या. तिचा भाचा बेकरीत कामाला आहे. तिला वाटलं, पोराला सुट्टी मिळाली नसेल, तर गाडी पाठवली! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. गाडी कशी, तर झोपाळ्यासारखी. थंड पाण्याची बाटली. शेजारी लहान मुलाची खुर्ची होती, तिच्यात पर्स ठेवून पट्टा लावला. "ड्रायव्हर फार सज्जन हो. मी एवढं बोलले, एका शब्दाने उलट बोलला नाही."

कसा बोलेल! मीच तोंड बंद करायला सांगितलेलं. माझी गाडी! माझी बाटली!

पैलवानाने तिच्या भाच्याला फोन लावून दिला. तिकडून आवाज इतका मोठा की आम्हालाही ऐकू आला — "कुठली खोली आत्या? मी विमानतळावर उभा आहे! दोन तास तुला शोधतोय!" आणि त्याच्या मागून दुसरा आवाज. लहानपणापासून ओळखीचा. "कोणाशी बोलतोस रे? इकडे दे तो फोन."



पैलवानाने पत्ता सांगितला. मी खाटेखाली शिरायचा विचार केला, पण तिथे पैलवानाची ट्रंक आहे.

पावाची गाडी येऊन थांबली. पुढच्या सीटवर पिठाच्या पोत्याशेजारी आमची आत्या. भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरी. मी हात देऊन उतरवली, तर मीही पांढरा.

खोलीत आल्यावर विचारलं, "आत्या, पाटी नाही का दिसली?"

"दिसली की! डोळे शाबूत आहेत माझे. आत्या म्हणे! अरे, भाऊ असलेली प्रत्येक बाई कोणाची तरी आत्या असते. मी म्हटलं, कोणा बिचारीचा भाचा असेल, त्याला आत्याचं नावसुद्धा माहीत नसेल. माझा भाचा नाव लिहील! म्हणून मी नाव शोधत उभी राहिले!"

मग कमरेवर हात.

"काय रे माझं नाव?"

 बेकरीवाला छताकडे बघायला लागला. पैलवान किटलीत बघायला लागला.

दुसरी आत्या हळूच म्हणाली, "आमच्या याला तरी कुठे माहितीय!"

बेकरीवाला लाल झाला. तो तर पाटीच न घेता गेला होता.

आणि आमची आत्या हसायला लागली. अशी हसली, अशी हसली की खोलीत पिठाचं धुकं झालं. पैलवानाला शिंका आल्या.

१४ मार्च, शुक्रवार

आत्याने पासपोर्ट पुढे केला. "वाच." अक्षर अक्षर लावून वाचलं. इतकं छान नाव! आणि घरात एकाच्याही तोंडी नाही.

"वहीत लिहून ठेवू?"

"खबरदार. पाठ कर."

दहा वेळा म्हणून घेतलं. मग म्हणाली, "आता गाडीचं सांग."

सांगितलं सगळं. वर्तमानपत्राच्या सुरळीसकट. ऐकून घेतलं आणि पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काय ठरवलंय काही कळेना.

१७ मार्च, सोमवार

आत्या लॉन्ड्रीत आली! हटूनच बसली. मी चादर लावतोय आणि मागे ही. "कोपरा धरताना डोळे कुठे असतात तुझे?" मुकादमबाई आली. मला वाटलं, हाकलते आता. पण दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना पाच मिनिटांत मैत्री! दोघी माझ्याकडे बोट दाखवून मान हलवत होत्या.

मग मुकादमबाईने जमिनीकडे हात केला, चादरीकडे केला आणि जोरात "नाही" अशी खूण केली. म्हणजे मी चादर कधी जमिनीला लागू देत नाही. आत्याने वाकून चादरीचा कोपरा तपासला.

येताना मी आत्याला विचारलं, "मग? काय सांगणार बाबांना?"

"चहा पाज आधी."

१९ मार्च, बुधवार

दोन्ही आत्या रोज बाजारात जातात. आज पैलवानाने गर्दीत "ओ आत्या!" अशी हाक मारली तर तिसरीच एक बाई वळली.

२० मार्च, गुरुवार

आत्या गेली. मी म्हटलं, परतीची गाडी सांगतो. "पैसे वर आलेत का तुला?" म्हणाली. पावाच्या गाडीनेच सोडायला गेलो. मी मागे, ट्रेच्या मध्ये.

विमानतळाच्या दारापाशी विचारलंच. "आता तरी सांग. बाबांना काय म्हणणार?"

"म्हणेन, काळ्या गाडीतून नेलं. झोपाळ्यासारखी गाडी. पाणी थंड होतं. ड्रायव्हर सज्जन, एका शब्दाने उलट बोलला नाही."

सगळं त्या आत्याचं चोरलेलं!

"म्हणजे राहू मी?"

"राहा."

मी तिथेच उडी मारली. मग तिने कॉलर धरून मला बाजूला ओढलं, बेकरीवाल्यापासून लांब, आणि काहीतरी सांगितलं. ते आज लिहीत नाही. आज नको.

२१ मार्च, शुक्रवार

दुकान नाही. मागच्या थंडीतच गेलं. शटर आता मोबाइलवाल्याचं आहे, बाबा सवयीने समोर स्टूल टाकून बसतात. बँकेतही काही पडलेलं नाही, माझ्याच पैशांवर घर चालतं. आत्या म्हणाली, "तू खरंच परत निघाला असतास तर पंचाईत झाली असती त्याची. मला पाठवलं ते 'राहू दे' म्हणायलाच. तू दुसऱ्याच्या गाडीला टेकतोस, तो दुसऱ्याच्या शटरला. खाण तशी माती! आणि मी सांगितलं म्हणून सांगशील, तर बघ."

संध्याकाळी बाबांचा फोन. "ताई म्हणते राहू दे. राहा मग. दुकान काय, वाट बघेल."

म्हटलं, "बघू दे बाबा."

आज पगार झाला. घरी पाठवले — नऊ हजार. कशासाठी, असं विचारलं होतं तिथे लिहिलं — दुकानाला रंग.