ताता म्हणजे काका

वर्धा, ८ जानेवारी २०२५

ती. आईस, मोहिनीचा सा. न. वि. वि.

फोन ठेवून पत्रच लिहायला घेतलं. मी ओरडून खोकला म्हटलं, तर तू भोपळ्याचा भाव सांगितलास! शेजारच्या मीराबाई हसून बेजार.

खोकला बरा आहे. काळजी वेगळीच आहे. खुशी तीन वर्षांची होत आली, तरी तिला ‘क’ येत नाही. कांदा म्हणजे ‘तांदा’, केळं म्हणजे ‘तेळं’. किशोरभाऊजी दारात आले की ही ‘ताता, ताता’ करते. परवा ते बिचारे चहा न घेताच निघाले, पुतणी ‘टाटा’ म्हणून निरोप देतेय समजून!

सासूबाई म्हणतात, येईल हळूहळू. पण मी मागून हाक मारली तर खुशी वळून बघत नाही. तुझे कान तिशीतच गेले. तिचेही तसेच असतील तर? रागावू नकोस.

माया आहेच, दोन ओळींनी कळू दे.
तुझी मोहिनी

कारंजा (घाडगे), १४ जानेवारी

चि. सौ. मोहिनीले आईचे अ. उ. आ.

रागावू कायले? तूबी लहानपणी ‘र’ले ‘ल’ म्हणे. शाळेत गुरुजीनं बापाचं नाव विचारलं, तं ‘सदाशिवलाव’ सांगून आलती. आता पाहा, नवऱ्याले, प्रफुलरावाले, बोलाले जागा देत नाईस!

पण मागं वळून पाहत नाई हे वाचलं अन् वांगे तोडता तोडता हात थांबला. तिचे कान तपासून घेजो. तुह्या बाबानं मले कानाचं मशीन घेऊ म्हटलं होतं, मीच बाया हासतीन म्हणून नाई म्हटलं. खुशीले लागलं तं आधी मी लावीन. तिले एकटीले नाई लाजू देणार.

पोरीले माह्याकडून एक पापा.
तुही आई, मंदा

वर्धा, २२ जानेवारी

ती. आईस सा. न.

दवाखान्यात खुशीच्या कानांची तपासणी झाली. कानावर हेडफोन लावून, आवाज आला की डब्यात मणी टाकायचा. खुशी नुसती बसून राहिली. मग कळलं, बाईसाहेबांना हिरवेच मणी हवे होते! ते मिळाल्यावर बारीकशा आवाजालाही तिनं मणी टाकला.

तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, कान उत्तम आहेत, वळून बघत नाही ती खेळात रमते म्हणून. या वयात ‘क’चा ‘त’ होतो. पाहुण्यांसमोर म्हणायला लावू नका, तुम्ही नीट बोलत राहा. चार वर्षांच्या पुढे राहिलं तर दाखवा. मी जिन्यात येऊन रडले. खुशीनं आपल्या फ्रॉकनं माझं नाक पुसलं.

आता तिला मशीन नको, तरी तू ये, तुझ्यासाठी घेऊ. ती फोनवर तुला गाणं म्हणते आणि तू म्हणतेस, हो बाई, जेवली!

वाट बघते.
मोहिनी

कारंजा (घाडगे), १९ फेब्रुवारी

चि. सौ. मोहिनीले आशीर्वाद.

तुह्याकडून सुखरूप पोचलो. नवं मशीन लावून एसटीत बसली, तं केवढा गलबला! तुह्या बाबाले म्हटलं, एवढ्या आवाजात तुम्ही झोपता कसे?

एक सांगाचं राह्यलं. तू चहा ठेवाले आत गेलती, तेव्हा खुशीनं मले गाणं म्हणून दाखवलं. मले वाटे तिचा आवाज तुह्यासारखा जाड असंन. किती बारीक आहे गं! ‘क’ होता का ‘त’, ध्यानातच नाई राह्यलं.

गाणं झालं अन् मी तिले जवळ बोलावलं, नेहमीसारखं, साऱ्या वावराले ऐकू जाईन असं. तं तिनं माह्या तोंडावर हात ठेवला अन् म्हणे, आजी, हलू बोल, मी इथंच आहे.

तुही आई