बत्तीस गोळे समुद्रात टाकल्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
नौदल खाते, लंडन.

विषय : जॉब गॅम्लिन यांना पेटी ऑफिसरचा (खलाशांवरील नायकाचा) हुद्दा परत मिळणेबाबत व माझी बढती रद्द होणेबाबत.
संदर्भ : युद्धनौका ‘कॉन्स्टन्सी’चा तोफ-सरावाचा अहवाल, दि. ११ फेब्रुवारी १९०२ (खोटा).

महोदय,

१. मी सदर जहाजावर तीन वर्षे कमांडर आहे. रंगरंगोटी माझ्या अखत्यारीत येते व तीत मी तसूभर कसूर केलेली नाही. सरकारी रंगात शोभा येईना, तेव्हा सोन्याचा वर्ख मी पदरचा आणला. ‘ताफ्यातील सर्वांत स्वच्छ जहाज’ या शेऱ्यावर मला नुकतीच कॅप्टनपदी बढती मिळाली.

२. तोफ डागली की धुराने रंग काळवंडतो व हादऱ्याने त्याचे पोपडे निघतात. सबब फेब्रुवारीच्या सरावाचे बत्तीस गोळे मी न डागताच समुद्रात टाकवले. असे करणारा मी एकटा नाही, हे लिहितानाही लाज वाटते. अहवाल मात्र भरणे भाग होते. त्यात ‘बत्तिसांपैकी चोवीस नेम लागले’ असे लिहून नेम धरणारा म्हणून गॅम्लिन यांचे नाव घातले. खात्रीसाठी पाणबुडे पाठवावेत. गोळे माल्टाच्या बंदराबाहेर बारा वाव खोल पाण्यात आहेत. टाकण्यापूर्वी ते पुसून घेण्याचा हुकूमही माझाच होता.

३. एप्रिलात तपासणीस आलेल्या ॲडमिरल साहेबांनी गॅम्लिन यांना आठ गोळे डागावयास लावले. आठही चुकले. साहेब कडाडले, “फेब्रुवारीत चोवीस नेम लावणारा आज एकही लावत नाही? प्यायलाय हा!” गॅम्लिन दारूला शिवत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हातमोज्यावरचा काजळीचा ठिपका झटकत होतो. “तुमचं काय म्हणणं, कमांडर?” असे मला विचारण्यात आले. मी म्हणालो, “काही नाही, सर.” तिथल्या तिथे गॅम्लिन यांच्या बाहीवरची हुद्द्याची पट्टी उसवली गेली.

४. आता ते माझ्याच हाताखाली रंग देतात. काल मी विचारले, “गॅम्लिन, तू बोलला का नाहीस?” ब्रश न थांबवता ते म्हणाले, “आपण बोलाल असं वाटलं, साहेब. अजूनही वाटतंय. पण तीस तारखेला माझी नोकरी संपते. बाहीवरची ती जागा बायको बघणारच. तिला काय सांगू?”

५. तरी तीस तारखेपूर्वी तारेने हुकूम देऊन त्यांचा हुद्दा त्यांना परत द्यावा व माझा काढून घ्यावा. दोहोंपैकी एकच शक्य असल्यास आधी त्यांचे पाहावे.

६. परिच्छेद ३ वर शाई सांडली आहे. यापूर्वी तीनदा या अर्जाची स्वच्छ नक्कल काढावयास बसलो आणि तिन्ही वेळा तो परिच्छेद माझ्याकडून गाळला गेला. म्हणून हा कागद डागासकट पाठवीत आहे.

आजवर आपला आज्ञाधारक, आज केवळ लज्जित,
ॲम्ब्रोझ विचकोट
माल्टा, ९ मे १९०२

सोबत :
१) उपरोक्त अहवाल.
२) माझ्या बढतीचा हुकूम.
३) गॅम्लिन यांची पट्टी. त्या दिवशी डेकवर पडली होती. कचरा दिसू नये म्हणून मी उचलली.