वामनरावांच्या चक्कीचा शाफ्ट

नागपूर,
१२ मार्च १९७९

आदरणीय रुपरावमामा यांस,
अनंतचा सविनय जयभीम.

तुमच्या मुरगळलेल्या पायाची सूज उतरली असेल आणि लेप लावताना मामींना शिव्या खाव्या लागत नसतील, अशी आशा करतो. (लागत असतील तर माझ्या वाट्याच्या थोड्या राखून ठेवा, पत्र संपेपर्यंत लागतील.)

मौदा गावातली हकीकत तुम्ही माझ्यासोबत धाडलेल्या लहानू मिस्त्रींनी तुम्हाला मीठमिरची लावून सांगितली असेलच. माझी बाजूही ऐका. वामनरावांच्या पिठाच्या चक्कीचा जुना लोखंडी शाफ्ट तुम्ही आपल्या चक्कीसाठी विकत घेण्याआधी तपासावा, म्हणून मी आमच्या फिजिक्स विभागाचं यंत्र एस.टी.त मांडीवर घेऊन गेलो. (कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं.) हे यंत्र कानाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात सोडतं. आत भेग असली की आवाज तिथून मागे फिरतो आणि पडद्यावरची हिरवी रेघ उडी मारते. मात्र यंत्राची चकती तेल लावून टेकवावी लागते, आणि तेल मी नागपुरातच विसरलो. वामनरावांच्या चारुलतेने जवसाच्या तेलाची वाटी आणून दिली. (मुलगी बी.ए.ला आहे. सहज लिहिलं.)

मी चकती फिरवली आणि शाफ्ट ठणठणीत असल्याचा निकाल दिला. वामनराव खुलले, चहा आला, चिवडा आला. तेवढ्यात लहानूजींनी शाफ्टवर हातोडा हळूच मारला. टण्ण! झकास. मग त्यांच्या काय मनात आलं कोण जाणे, दोन्ही हातांनी हाणला, तर शाफ्ट फुटक्या माठासारखा बद्द वाजला. "काहून गा बाबू," ते मला म्हणाले, "हळू विचारलं तं कोणीबी गोडच बोलते." घासून पाहिलं तर केसाएवढी भेग. वामनरावांना बिचाऱ्यांना तिचा पत्ता नव्हता, पण चिडले ते माझ्यावर. "ज्याले माह्या शाफ्टातलं दिसत नाही, त्याले दुनियेतलं काय दिसन?" चारुलतेसमोर, मामा! फार लागलं मला.

आता यात माझा दोष किती? आमचे सर सांगतात, घट्ट मिटलेली भेग हळू आवाजाला मुकाट वाट देते. जोराचा आवाज आला की तिच्या कडा एकमेकींवर आपटतात, आणि आपण एक सूर पाठवावा तर सोबत दुप्पट चढा सूर परत येतो. म्हणजे हळू बोलणारं यंत्र फसणारच. निसर्गनियमापुढे भाचा काय करणार?

मामींना जयभीम.

तुमचा भाचा,
अनंत

ता. क. : वामनराव तुमचं ऐकतात. दोष यंत्राचा होता, मुलगा हुशार आहे, एवढं त्यांच्या कानावर घाला, आणि त्याच बैठकीत चारुलतेसाठी माझं नाव काढा. तिच्यावाचून मला करमत नाही, तुमच्यापासून काय लपवू? तिची ना नाही. वाटी परत देताना विचारून घेतलं.

पुन्हा ता. क. : तुम्हाला खोटं लिहवत नाही. रेघेने उडी मारली होती, लहानशी. शेजारी वामनराव, समोर वाटी धरून ती. मी यंत्राच्या आवाजाचं बटण जरा उतरवलं आणि उडी बसली. उद्या तुमच्या चक्कीत तो शाफ्ट तुटला असता तर, हे मनात आलं की रात्री उठून बसतो. लहानूजींनी माझा हात बटणावर पाहिला होता. म्हणूनच त्यांनी हातोडा दोन्ही हातांनी उचलला. वामनरावांना खरं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण मागणी घालायला जाताना लहानूजींना घरीच ठेवा. न्यावंच लागलं, तर हातोडा काढून घ्या.