ऑरेलिओंची नारळासकट उडी

मॉरिसव्हिल,
१६ ऑक्टोबर २००७

ती. उल्हासमामा,

तुम्हांला आणि मामीला वाकून नमस्कार (इथे गालिचा आहे, कपाळ टेकलं तरी लागत नाही). मामीची कंबर कशी आहे? मी मजेत आहे. संजीवदादा फोनवर वेगळं सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका. माझी चौथी नोकरी सुटली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मोऱ्या, दिवाळीपर्यंत एका कामावर टिकलास तर माझं बेसमेंट तुझं. नाहीतर डब्लिनचं तिकीट काढतो." म्हणजे ओहायोत, बाबांच्या नजरेखाली. दिवाळी नऊ नोव्हेंबरला आहे.

पण हे पत्र ऑरेलिओंबद्दल आहे. गेले पाच आठवडे मी अधूनमधून ज्यांच्या हाताखाली फरशा बसवायला जातो ते ऑरेलिओ काम्पानिनो, वय अठ्ठावन्न, तिहेरी उडीत तीनदा इटलीचे विजेते. मामा, ज्या उडीसाठी तुम्ही शाळेत जन्मभर शिट्टी फुंकलीत (आणि जिच्यातली मधली ढांग मी दरवेळी विसरायचो), त्या उडीचा खराखुरा माणूस माझ्या डब्यातली पोळीभाजी खातो. लहानपणी त्यांच्या शाळेच्या वाटेवर लागोपाठ तीन पाट होते, म्हणून तीन उड्या. भिजून आलास तर जेवण नाही, असं वडिलांनी बजावलेलं. पुढे सोळा मीटर एकाहत्तरपर्यंत गेले. मग एका मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी, शेवटची उडी सतराच्या पुढे, आणि लाल निशाण. अंगठा फळीच्या पुढे गेलेला, नखभर. गावाने त्या पंचाला वर्षभर शिव्या घातल्या. पंच बरोबर होता, असं सांगत फिरणारे हे एकटेच. मग गुडघा गेला, लग्न झालं, अमेरिका आली, फरशा आल्या. (इथले लोक बाथरूमवर जेवढा विचार करतात तेवढा आपण मुलीच्या लग्नावर... पण ते राहू दे.)

तर इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला मी त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून नेलं. अध्यक्ष शैलजाकाकूंनी शाल घातली, हातात नारळ दिला आणि नारळ जमिनीवर ठेवायचा नसतो, हे मला इंग्रजीत सांगायला लावलं. मी जरा जास्तच गंभीरपणे सांगितलं. मग पोरांनी "अंकल, जंप, प्लीज" सुरू केलं. पाहुणे तयार झाले, पण नारळ धरणार कोण? दिलेला परत घेणं बरं दिसत नाही म्हणून काकू हात मागे बांधून उभ्या, खजिनदार देवदत्तकाका एकदम घड्याळ बघायला लागले. शेवटी ऑरेलिओंनी शाल मानेभोवती गुंडाळली, नारळ काखेत मारला आणि धावले. एक लंगडी, एक ढांग, एक झेप. मामा, तुम्ही असतात तर शिट्टी विसरला असतात. वाळूत बसले तेव्हा नारळ डोक्याच्या वर, कणभर वाळू नाही त्याला. दहा मीटर चाळीस, आणि तेही शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर. दीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

आणि मी पंच. फळीपुढच्या ओल्या मातीत अंगठ्याची खूण दिसत होती. नखभर. दादा कॅमेरा रोखून समोरच. पांढरं निशाण दाखवलं असतं तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी लाल दाखवलं.

"अरे यार, पाहुण्याला कोणी फाउल देतं का," देवदत्तकाका म्हणाले. "याचं असंच आहे. चांगलं चाललेलं याला बघवत नाही," दादा म्हणाला. ऑरेलिओ लंगडत आले, वाकून खूण पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून दादाला म्हणाले, हा मला सोमवारपासून कायमचा हवा. ज्याला नखभर चूक दिसते आणि सांगायची लाज वाटत नाही, असा माणूस मी सहा वर्षं शोधतोय. येताना दादाने मला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं.

मामीला सांगा, भाचा नोकरीला लागला.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. : बाबांना अजून वाटतंय की मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ते फक्त तुमचं ऐकतात. रविवारी फोन कराल का? आधी विजेते म्हणा, मग इटली म्हणा, फरशी अगदी शेवटी.

आणखी एक : शक्यतो हाच रविवार बघा (म्हणूनच हे पत्र ईमेलने पाठवतोय). सराव म्हणून मी दादाच्या बाथरूममध्ये फरशांची एक ओळ बसवली आहे, ती खिडकीकडे जाताना वळते. ऑरेलिओंनी पाहिली आहे, ही चूक नखभर नाही म्हणाले. दादा सध्या कामासाठी रेडमंडला आहे, सोमवारी परत येतो, आणि ती ओळ बघून बाबांना पहिला फोन तोच करेल.