दत्तूभाऊंनी काय नाकारलं

मंगळ, ३ फेब्रु.
फर्स्ट शिफ्ट. दत्तूभाऊंनी आज पत्रा दाबायची प्रेस चालवायचं नाकारलं. आत हात असला की मशीन थांबायला हवी; सेन्सरनं सकाळपासून दोनदा दगा दिला. बावीस वर्षं प्रेसवर आहेत, उगाच बसून राहणारा माणूस नाही. लाइन दोन तास बंद. मी सुपरवायझर, म्हणून साहेबांना माझा रिपोर्ट हवा, इंग्रजीत. घाईत एक ओळ खरडली नि भोसरीची बस गाठली.

शुक्र, ६
दत्तूभाऊंना नोटीस. काम बंद पाडलं म्हणून. वर असंही, की सेन्सर ठीक असल्याचं त्यांनीच सांगितलं. कागद माझ्यापुढे धरला. "काम करायला न्हाई म्हणलो, व्हय. पण सेन्सर चांगला हाय असं कवा म्हणलो, मॅडम?" आवाज चढवला नाही.

शनि, ७
माझ्याच रिपोर्टमधून आलंय ते. मी लिहिलेलं: 'ऑपरेटर डिनाइड सेन्सर प्रॉब्लेम.' मला म्हणायचं होतं, सेन्सरमुळे काम नाकारलं. शाळेत डिनाय म्हणजे नाकारणे, रिफ्यूज म्हणजेही नाकारणे, एवढंच पाठ केलेलं. धाकटी बहीण मीना आकुर्डीला कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिला फोन केला. म्हणाली, ताई, करायला नकार दिला तर रिफ्यूज. आहे ते नाहीच म्हटलं तर डिनाय.
म्हणजे वाचणाऱ्यानं बरोबरच वाचलं.

रवि, ८
कपडे, भाजी. कशात लक्ष नाही. माझा कायम होण्याचा कागद याच महिन्यात निघायचाय. दत्तूभाऊंची पाच वर्षं राहिलीत नोकरीची.

सोम, ९
साहेबांना सांगितलं, चूक माझी. ते म्हणाले, रिपोर्ट वर गेलाय, आता बदललास तर तुझ्यावर येईल, चौकशीत बघू. वाईट हेतूनं नाही म्हणाले. तरी दुरुस्तीचं पत्र दिलं. इंग्रजीत, खाली मराठीतही. पोच घेतली.

बुध, ११
कँटीनमध्ये दत्तूभाऊंना पत्र वाचून दाखवलं. मराठी भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "आता तुमचं काय हुईल?" माहीत नाही म्हटलं. चौकशी शुक्रवारी, दोघांनाही बोलावलंय.
जेवून परत आले तर त्याच प्रेसवर दुसरा माणूस उभा केलेला. सेन्सर तसाच. मी प्रेस बंद करायला लावली.
साहेब अजून काही बोललेले नाहीत.