आबांच्या नावाची चकती

ठाणे, खंडेनवमी, १९५४

यंदा शस्त्रपूजेत आबांची चकती ठेवायची म्हणून सकाळीच कल्याणला दादाकडे गेलो. आबा म्हणजे आमचे वडील; पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत मारले गेले, तेव्हा सरकारने घरी पाठवलेली ब्राँझची चकती. तिच्यावर त्यांचं नाव. त्यांचं म्हणून एवढंच उरलेलं.

वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, ती जुन्या पितळेबरोबर मोडीत दिली. त्यातनंच हे पातेलं आलं. आबांचं नाव घातलंय की त्यावर!"

खरंच घातलंय. ठोकून ठोकून, ठसठशीत. आणि मी? त्याच पातेल्यातला चहा प्यायलो. का प्यायलो? ओरडलो का नाही?

घरी येऊन माझ्या संग्रहाचं कपाट उघडलं. त्याच लढाईतली सात पदकं, मोडीच्या दुकानांतूनच वेचून आणलेली. प्रत्येकाच्या कडेवर एकेका शिपायाचं नाव कोरलेलं. दहा वर्षं ती पुसतोय, लोकांना दाखवून मिरवतोय. यातल्या एकाचंही घर शोधावं असं कधी मनात आलं नाही.

वहिनींनी निदान नाव तरी घरात ठेवलं.