उर्दूत सापडलेले आजोबा

मंठा

अतिकभाई, सलाम.

तू मराठी शाळेत शिकलास, म्हणून मराठीत लिहून राह्यले. आज माझा आनंद पोटात मावत न्हाई. मी उर्दूत एमए केलं तेव्हा तू म्हणाल्तास, "उर्दू वाचायला तुला कोण बोलावणार?" आज तहसीलमधून बोलावणं आलं. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत, ते वाचणारं माणूस त्यांना हवं होतं.

समोर कडूबा नावाचे म्हातारे बसले होते. त्यांच्या आजोबाचं नाव शोधायचं होतं. ते तिसऱ्या पानावर सापडलं. मी मोठ्यानं वाचलं, "रखमाजी वल्द सोनाजी." म्हणजे सोनाजीचा मुलगा रखमाजी.

कडूबा म्हणाले, "पोरी, पुन्हा एकदा वाच."

मी तीनदा वाचलं. तहसीलदार साहेब म्हणाले, "उद्यापासून रोज या."

जल्दी तुला फोन करावा म्हणून बाहेर आले आणि थांबले. तुझी इंजिनियरची नोकरी सुटली, तू पुण्यात रिक्षा चालवतोस, हे कालच भाभीनं सांगितलं. "मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नको," म्हणाली. म्हणून हे पत्र टाकणार न्हाई. तू घरी येशील तेव्हा आधी तुझं ऐकेन, मंग माझं सांगेन.

तुझी बहीण,
आसिफा